लघवी न धरवणे : लाजेचा नव्हे, उपचाराचा विषय



या पानावर आम्ही एरवी बेणे, खोडवा, पाचट आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. आजचा विषय वेगळा आहे. शिवारात फिरताना आम्ही पाहतो, भांगलणीला आलेल्या बायामाणसं दुपार कलेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत. विचारले तर "तहानच नाही" म्हणतात. खरी कारणे दोन. एक, रानात आडोसा नाही. दुसरे, अनेकींना लघवी धरवत नाही. मग स्वारगेटची एस.टी. नको, मांढरदेवीची यात्रा नको, कीर्तनालाही दाराशी बसायचे. घरात कोणाला सांगायचे नाही. "चार बाळंतपणं झाली, वय झालं, चालायचंच," असे म्हणून गप्प राहायचे. गड्यांमध्येही ही तक्रार आहे, तेही बोलत नाहीत.

वयाबरोबर हे वाढते खरे, पण हा निव्वळ वयाचा भाग नव्हे. हा विकार आहे आणि बहुतेकांना उपचाराने बराच फरक पडतो.

दोन तक्रारी, दोन कारणे

मूत्राशय म्हणजे स्नायूंची पिशवी. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. पिशवीच्या तोंडाशी स्नायूंचे कडे असते, ते चारीच्या दारासारखे काम करते. खालून सगळ्याला पेलणारा स्नायूंचा झोळीसारखा थर असतो. पिशवी भरताना ती सैल राहते आणि दार आवळलेले असते. लघवी करताना उलट होते. दिवसा सात-आठ वेळा जाणे आणि रात्री एखाद्या वेळी उठणे यात काळजीचे काही नाही.

पहिली तक्रार अशी : खोकले, शिंकले, हसले किंवा वाढ्यांची मोळी उचलली की थोडी लघवी निसटते. येथे पोटाचा दाब वाढतो आणि दार व झोळी ढिली पडलेली असते. बाळंतपणे, लठ्ठपणा, जुना खोकला आणि बद्धकोष्ठ यांमुळे ही झोळी सैल होते.

दुसरी तक्रार : लागली की लागलीच, दम धरवत नाही, वारंवार जावे लागते, रात्री तीन-चारदा उठावे लागते. येथे पिशवी भरण्याआधीच आपोआप आकसते. याला अतिक्रियाशील मूत्राशय म्हणतात. काहींना दोन्ही तक्रारी एकदम असतात. दार ढिले आहे की पाणी जोराने येते आहे, हे पाहिल्याशिवाय चारी दुरुस्त होत नाही, इथेही तसेच.

पाणी तोडू नका

पाणी कमी प्याले की लघवी दाट होते, पिशवीला जास्त टोचते, बद्धकोष्ठ होते आणि मुतखड्याचा धोका वाढतो. म्हणजे त्रास वाढतोच. दिवसाकाठी दीड-दोन लिटर पाणी प्यावे, उन्हात काम असेल तर त्याहून जास्त. मात्र झोपण्याआधीचे दोन तास कमी प्यावे. चहा कमी करावा, कारण चहाने पिशवी चाळवते. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी डॉक्टरांचेच ऐकावे.

घरी करायचा उपाय

लघवी आणि वारा एकाच वेळी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात, तेच आवळायचे. पाच आकडे मोजेपर्यंत धरायचे, तितकाच वेळ सैल सोडायचे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडू नये, पोट व मांड्या ताणू नयेत. लघवी करता करता हा व्यायाम करू नये. हळूहळू दहा आकड्यांपर्यंत जावे. खोकण्याआधी किंवा पाटी उचलण्याआधी आधीच आवळून धरावे. एक पाणी दिले म्हणून ऊस दुसऱ्या दिवशी वाढत नाही. किमान तीन महिने नेमाने करावे.

घाई लागणाऱ्यांनी तीन दिवस वहीत नोंद ठेवावी : किती वाजता गेलो, किती झाली, कधी निसटली. तासातासाला जावे लागत असेल तर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी अंतर वाढवावे. घाई आली की धावू नये. जागीच थांबून चार-पाच वेळा झटपट आवळावे, लाट ओसरू द्यावी, मग चालत जावे. दीड-दोन महिन्यांत फरक दिसू लागतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

सुरुवातीलाच लघवीची आणि रक्तातील साखरेची तपासणी करावी. जंतुसंसर्ग किंवा मधुमेह असेल तर आधी त्याचा इलाज. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही लघवी वाढते. पण गोळी मनाने बंद करू नये. लघवीतून रक्त, ताप व जळजळ, अंग बाहेर येणे, किंवा अवघड बाळंतपणानंतर रात्रंदिवस गळती, यांपैकी काही असेल तर वाट पाहू नये. लघवी अजिबात होत नसेल, किंवा पायातली शक्ती जाऊन बैठकीचा भाग बधिर झाला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढली की धार बारीक होते आणि पिशवी रिकामीच होत नाही. मग भरलेल्या हौदासारखी ती वरून सांडते. हे दुर्लक्षिले तर मूत्रपिंडाला इजा होते.

आकसणारी पिशवी शांत करणाऱ्या गोळ्या मिळतात. काहींनी तोंड कोरडे पडते, वृद्धांना भ्रम होऊ शकतो, म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. ढिल्या दारावर, व्यायामाने भागले नाही तर, शस्त्रक्रिया आहे.

एक इशारा. या तक्रारीसाठी गर्भाशय काढून घेऊ नये. त्याने गळती थांबत नाही, पुढे वाढूही शकते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांबाबत २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. पाहणीतील ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कोणी असा सल्ला दिला तर दुसऱ्या डॉक्टरांना जरूर दाखवावे.

तपासणीसाठी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, नाहीतर भोर किंवा वेल्ह्याचे सरकारी रुग्णालय आहे. पुढची गरज पडल्यास पुण्याचे ससून आहे. आणि सभासदांना आमची विनंती : भांगलणीला, लावणीला, तोडणीला बायका येतात त्या रानाच्या कडेला पोत्याचा का होईना, आडोसा उभा करावा आणि पाण्याची कळशी ठेवावी. त्यांनी पाणी प्यावे, मोकळेपणी जावे, यात कामाचा खोळंबा नाही.