सीमेपार स्नेह जोडणाऱ्या निर्मलाताई

मार्च 2000. कारगिलच्या युद्धाला अजून वर्षही पुरतं झालं नव्हतं. कंदाहारचं विमान-अपहरण तर अवघ्या तीन महिन्यांपूर्वीचं. पाकिस्तानशी बोलणी, असं नुसतं म्हटलं तरी लोक अंगावर येत होते. अशा दिवसांत दिल्लीहून एक बस लाहोरला निघाली. आत साऱ्या बायका. त्यांचं नेतृत्व करीत होत्या सत्तरी गाठलेल्या, खादीच्या साडीतल्या निर्मला देशपांडे.

दिल्लीच्या वर्तुळात त्यांना सारे 'दीदी' म्हणत, पण त्या अस्सल नागपूरच्या. जन्म 1929चा. वडील पु. य. देशपांडे हे मराठीतले नामवंत लेखक. 'अनामिकाची चिंतनिका' या त्यांच्या ग्रंथाला 1962 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अशा विचारवंताच्या घरात वाढलेल्या निर्मलाताईंनी राज्यशास्त्रात एम.ए. केलं आणि नागपूरच्याच मॉरिस कॉलेजात त्या शिकवू लागल्या. त्या काळच्या मध्यमवर्गीय मुलीच्या दृष्टीनं सगळं कसं मार्गी लागलं होतं!

पण 1952 साली त्या विनोबांच्या भूदान यात्रेत सामील झाल्या आणि आयुष्याची दिशाच बदलली. लग्न नाही, संसार नाही. पहाटे उठायचं, चालायचं, नव्या गावी मुक्काम करायचा, जमिनीचं दान मागायचं. विनोबांबरोबर त्या सुमारे 40,000 किलोमीटर चालल्या असं सांगतात. आज मल्लेश्वरमहून म्हैसूर गाठून पुढे हुणसूरच्या रस्त्याला लागलं की येलवाल हे गाव येतं. 1957च्या सप्टेंबरात भूदानाच्या प्रश्नावर सर्व पक्षांचे पुढारी तिथे विनोबांभोवती जमले होते. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान नेहरू आणि केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रीपाद एकाच विषयावर एकत्र बसलेले दिसावेत, हा योग विरळाच.

भूदानाचं यश पुरतं पदरात पडलं नाही, हेही सांगायला हवं. दानात मिळालेली पुष्कळ जमीन नापीक निघाली, पुष्कळशी वाटलीच गेली नाही. पण निर्मलाताईंना त्या पायपिटीतून एक विद्या लाभली होती. अनोळखी माणसाच्या दारात उभं राहायचं, त्याच्या रागाला न भिता त्याच्याशी बोलायचं. पुढं पंजाब आणि काश्मीर पेटले तेव्हा हीच विद्या घेऊन त्या तिथे शांतियात्रा काढत गेल्या. बंदुकांच्या मुलखात एका बाईनं शांतीच्या गोष्टी कराव्यात हे अनेकांना भाबडेपणाचं वाटे. त्यांना मात्र हिंसेनं पोळलेल्या घरांतल्या आयाबहिणींशी बोलणं हे सर्वांत व्यवहारी काम वाटत होतं.

राजकारणापासून त्या दूर होत्या असं मात्र नव्हे. इंदिरा गांधींशी त्यांचा निकटचा स्नेह होता. आणीबाणीच्या काळात सर्वोदयी मंडळींतच उभी फूट पडली, जयप्रकाशांचे अनुयायी तुरुंगात गेले. त्या वेळी इंदिराजींशी जवळीक राखणाऱ्या निर्मलाताईंवर कडक टीका झाली. ती टीका अगदी गैरलागू होती असं म्हणता येणार नाही. पुढे 1997 मध्ये आणि पुन्हा 2004 मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. 2006 साली पद्मविभूषण मिळालं. 2007च्या राष्ट्रपतिपदासाठीही त्यांच्या नावाची चर्चा झाली होती.

सत्तेच्या सभागृहात आणि शांततेच्या मैदानात एकाच वेळी वावरणाऱ्या स्त्रिया जगात फार नाहीत. फिलिपाइन्सच्या दक्षिणेतल्या मोरो या मुस्लिम समाजातल्या सान्तानिना रासूल या 1987 साली तिथल्या सिनेटवर निवडून आल्या. सिनेटवर जाणाऱ्या त्या पहिल्याच मुस्लिम महिला. मोरो बंडखोरांशी सरकारनं 1990च्या दशकात केलेल्या वाटाघाटींतही त्यांचा सहभाग होता आणि 1996 साली करार झाला. त्यांच्यामागे सरकार होतं. लाहोरच्या बसमागे असलं काही पाठबळ नव्हतं.

सीमा ओलांडण्याचा धडा मात्र घरचाच होता. 1962च्या सप्टेंबरात विनोबा तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून पायी गेले होते. त्यानंतर 38 वर्षांनी त्यांच्या शिष्येनं पश्चिमेकडची सीमा गाठली. काही आठवड्यांतच या भेटीची परतफेड झाली. पाकिस्तानातल्या मानवी हक्कांच्या झुंजार वकील अस्मा जहांगीर तिथल्या बायकांना घेऊन दिल्लीला आल्या. दोन्हीकडच्या बायकांच्या तक्रारी सारख्याच होत्या. तोफा महाग आणि शाळा स्वस्त, पण पैसा जातो तो तोफांकडे!

अशा एकदोन बशींनी युद्ध थांबतं का? नाही थांबत. 2001 साली संसदेवर हल्ला झाला आणि दोन्ही देशांची सैन्यं महिनोन्‌महिने समोरासमोर उभी राहिली. पण 2004 नंतर दोन्ही सरकारं पुन्हा बोलू लागली, तेव्हा येण्याजाण्याची सवय आणि ओळखीची घरं दोन्हीकडे आधीच तयार होती.

या धकाधकीतही त्यांचं लिहिणं सुटलं नाही. त्यांनी हिंदीत कादंबऱ्या लिहिल्या, त्यातली एक तर चीनच्या पार्श्वभूमीवरची. विनोबांचं चरित्रही लिहिलं.

1 मे 2008 रोजी दिल्लीत झोपेतच त्यांचं निधन झालं. नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला आणि दोन्ही देशांमधली बोलणी पुन्हा थंडावली. तरीही ऑगस्ट 2009 मध्ये पाकिस्तान सरकारनं आपला 'सितारा-ए-इम्तियाज' हा सन्मान नागपूरच्या या लेकीला मरणोत्तर जाहीर केला.