कटसीन आणि खेळ: पुण्यात घडलेल्या ‘राजी’चे उदाहरण

व्हिडिओ गेममधली गोष्ट दोन वाटांनी पुढे सरकते. धावणे, लढणे, कोडे सोडवणे हे खेळणाऱ्याच्या हातून घडते, तो गेमप्ले. मध्येच बटणे काम करेनाशी होतात, पडद्यावर छोटासा चित्रपट सुरू होतो आणि खेळणारा काही काळ प्रेक्षक होतो, तो कटसीन. या दोन वाटा एक होऊ शकतात का, हा गेम घडवणाऱ्यांपुढचा जुना प्रश्न आहे.

१९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये टप्प्यांच्या मधे येणारे गमतीदार तुकडे हे कटसीनचे सुरुवातीचे रूप. पुढे सीडीवर भरपूर माहिती मावू लागली आणि १९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’सारख्या गेममध्ये डोळे दिपवणारी चित्रफीत हेच मोठे आकर्षण ठरले. आक्षेपही तेव्हापासूनच आहे. लढाईत शंभर शत्रूंना लोळवणारा नायक पुढच्याच कटसीनमध्ये दोन पहारेकऱ्यांच्या हाती सापडला, तर हातांनी मिळवलेला अनुभव खोटा ठरतो. खेळणारा मग ‘स्किप’चे बटण शोधतो.

१९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ने कटसीन टाळूनच दाखवले. कॅमेरा नायकाच्या डोळ्यांतून हलत नाही आणि पात्रे बोलत असतानाही खेळणारा फिरू शकतो. मात्र महत्त्वाचे वाक्य कानावर पडत असताना तो भलतीकडेच पाहत असण्याचा धोका उरतो. २००३ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’चा मार्ग अधिक कल्पक होता. तिथे राजपुत्र स्वतःच आपली कहाणी सांगत असतो. खेळणाऱ्याच्या चुकीने तो मेला, की ‘असे घडलेच नव्हते’ अशा अर्थाचे बोलून तो गोष्ट सावरतो. खेळातली हार कथनातच सामावून जाते.

मराठी वाचकाला ही अडचण संगीत नाटकावरून ओळखीची वाटेल. पदातून प्रसंग पुढे गेला तर नाटक चढते. वन्समोरवर वन्समोर मिळत गेले, की गाणे रंगते पण कथानक जागच्या जागी थांबते.

महाराष्ट्रातले यासंबंधीचे ठळक उदाहरण म्हणजे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, ऑगस्ट २०२० मध्ये आलेला ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमसाठीच्या पुरस्काराकरिता त्याला नामांकन मिळाले होते. राजी ही कसरती करणारी मुलगी, तिचा धाकटा भाऊ गोलू कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारा. राक्षस गोलूला पळवतात आणि ती त्याच्या शोधात निघते.

यातले कटसीन छायाबाहुल्यांच्या शैलीत आहेत. पडद्यामागच्या उजेडात हलणाऱ्या सपाट आकृत्या मराठी मुलखाला परक्या नाहीत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या छायाबाहुल्यांचा खेळ करत आले आहेत. गोलूच बाहुल्यांचा कलावंत असल्यामुळे ही शैली बाहेरून चिकटवलेली वाटत नाही. शिवाय हे प्रसंग दिसायलाच वेगळे असल्याने खेळणारा त्यांच्याकडून लढाईच्या नियमांची अपेक्षा ठेवत नाही. मग विसंगतीही खटकत नाही.

तरीही ‘राजी’ची खरी कमाई कटसीनच्या बाहेर आहे. भिंतीवर धावणे, खांबावरून झेप घेणे या कौशल्यांतच तिचे कसरतीचे पूर्वायुष्य दिसते. दुर्गा आणि विष्णू तिच्याकडे पाहत आपसांत बोलतात, पण तिचे पाऊल थांबवत नाहीत. भित्तिचित्रांजवळ गेले की पुराणकथा ऐकू येतात. पुढे निघून जायचे की थांबायचे, हे खेळणारा ठरवतो. सर्वांत हृद्य आहेत ती तुकडे फिरवून चित्र जुळवण्याची कोडी. चित्र जमते तेव्हा बहीणभावाची एखादी आठवण समोर येते. ती आठवण खेळणाऱ्याने आपल्या हातांनी जुळवलेली असते, म्हणून ती आयत्या दृश्यापेक्षा खोल रुतते.

दोष आहेच. गेमचा शेवट अचानक येतो आणि इतक्या ओढीने चालवलेली कथा अधांतरी राहते. पण कटसीन आणि खेळ एकत्र नांदू शकतात, हे या गेमने पुण्यात बसून दाखवले आहे. कुणी तो खेळायला घेतला, तर लढाईच्या घाईत भिंतींवरची चित्रे मागे टाकू नयेत. तिथे जरूर थांबावे.