कृष्णा पुनिया : ६१ मीटर ५१ सेंटिमीटर

११ ऑक्टोबर २०१०. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये राष्ट्रकुल स्पर्धेची महिला थाळीफेक संपली आणि फलकावरची पहिली तिन्ही नावं भारतीय निघाली. कृष्णा पुनिया, हरवंत कौर, सीमा अंतिल. राष्ट्रकुलच्या मैदानी स्पर्धांत भारताला सुवर्ण मिळालं होतं ते १९५८ साली, कार्डिफला, मिल्खासिंगांच्या पायांनी. मधली ५२ वर्षं कोरडी गेली. ती कोरड ६१.५१ मीटरच्या फेकीनं संपली. असं सुवर्ण जिंकणारी कृष्णा पहिली भारतीय महिला. याच स्पर्धेत आपल्या नाशिकच्या कविता राऊतनं १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं होतं, हेही इथेच नोंदवायला हवं.

कृष्णाचा जन्म हरियाणातल्या आग्रोह्याचा, हिसार जिल्ह्यातला. आई लहानपणीच गेली, आजीनं वाढवलं. घरी म्हशी होत्या. पंधराव्या वर्षापासून ती गोठ्यात राबत होती. २००० साली लग्न झालं आणि राजस्थानातल्या चुरू जिल्ह्यातलं गागडवास हे तिचं सासर झालं. पुढच्याच वर्षी मुलगा झाला. आपल्याकडच्या कितीतरी खेळाडू मुलींची गोष्ट इथे आटोपते. कृष्णाचे पती वीरेंद्र पुनिया स्वतः हातोडाफेकपटू. तेच तिचे प्रशिक्षक झाले. जोडीला रेल्वेची नोकरी. नवऱ्याच्या पाठिंब्याचं कौतुक सगळेच करतात, पण दरमहा येणाऱ्या पगाराला आणि सरावासाठीच्या सवलतीला आपण फारच कमी श्रेय देतो.

महिलांची थाळी एक किलोची. वर्तुळाचा व्यास अडीच मीटर. तेवढ्यात दीड गिरकी घ्यायची, हात शेवटपर्यंत मागे ठेवायचा आणि वेग आधी पायांतून, मग कमरेतून येऊ द्यायचा. थाळी जमिनीवर टेकेपर्यंत वर्तुळ सोडायचं नाही आणि सोडताना मागच्या अर्ध्या भागातूनच बाहेर पडायचं. समोरून वारा आला तर थाळीला उचल मिळते. पाठीला वारा लागावा म्हणून तळमळणाऱ्या धावपटूंना हे सांगून पाहा!

कारकिर्दीचा आलेख सरळ चढलेला नाही. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत कांस्य, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ५८.२३ मीटरवर पात्रता फेरीतच गारद. दिल्लीच्या सुवर्णानंतर महिन्याभरात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत पुन्हा कांस्य. त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. मग अमेरिकेत १९७६ चा ऑलिंपिक विजेता मॅक विल्किन्सच्या हाताखाली सराव केला आणि मे २०१२ मध्ये हवाई बेटांवर ६४.७६ मीटरचा राष्ट्रीय विक्रम झाला. त्यानंतर लंडन ऑलिंपिक. अंतिम फेरीत ६३.६२ मीटर, सातवं स्थान.

माझ्या मते दिल्लीपेक्षा लंडनची फेक मोठी. दिल्लीत चीन, रशिया, क्युबा, क्रोएशिया नव्हते. लंडनमध्ये सगळे होते. पुढे रौप्यविजेती रशियाची दार्या पिश्चाल्निकोवा उत्तेजकांपायी बाद झाली आणि कृष्णा कागदोपत्री सहावी ठरली.

नंतर ती काँग्रेसतर्फे राजकारणात उतरली. २०१३ मध्ये सादुलपूरमधून हरली, २०१८ मध्ये तिथूनच आमदार झाली, आणि २०१९ च्या लोकसभेला जयपूर ग्रामीणमध्ये समोर ऑलिंपिक पदकविजेता नेमबाज राज्यवर्धनसिंह राठोड उभा! तिथे नेमबाज जिंकला.

तिचा राष्ट्रीय विक्रम जवळपास नऊ वर्षं टिकला. मार्च २०२१ मध्ये पंजाबच्या कमलप्रीत कौरनं पतियाळाला ६५.०६ मीटर फेकून तो मोडला. टोकियो ऑलिंपिकमध्ये कमलप्रीत ६३.७० मीटरसह सहावी आली, म्हणजे लंडनच्या कृष्णापेक्षा आठ सेंटिमीटरनं पुढे. पुढच्याच वर्षी कमलप्रीत उत्तेजक चाचणीत सापडली आणि तिच्यावर बंदी आली.