कॅलेंडरात द्वादशी, रूममेटचा प्रदोष!

आधीच सांगून टाकतो, हा लेख भक्तिभावाने वगैरे लिहिलेला नाही. देवाशी माझं भांडण नाही, पण एम-थ्रीच्या पेपरची आदली रात्र सोडली तर आमचं फारसं बोलणंही होत नाही. हा लेख लिहितोय तो एका हरलेल्या पैजेमुळे. आणि त्या पैजेनंतर मी जे वागलो, त्यामुळे.

गोष्ट फर्स्ट इयरची. माझा रूममेट तमिळनाडूतला, कुंभकोणमजवळच्या एका गावचा. मराठी शून्य, हिंदी जेमतेम. दर पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी हा पठ्ठ्या गायब व्हायचा. चार वाजले की आंघोळ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि स्वारी निघाली कॉलेजमागच्या महादेवाच्या देवळात. विचारलं तर दोनच शब्द : "टुडे प्रदोषम."

आता प्रदोष मलाही माहीत होता. आमची आजी करायची, त्रयोदशीला. एके दिवशी हा असाच आवरून निघाला आणि माझी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. द्वादशी! मी लगेच विंगमधल्या सगळ्यांना गोळा केलं. "अरे, प्रदोष त्रयोदशीला असतो. आज द्वादशी आहे. तुझं पंचांग चुकलं!" त्याने शांतपणे घरून पाठवलेलं ते तमिळ रोज एक पान फाडायचं कॅलेंडर दाखवलं. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी मी दोन वडापावची पैज लावली.

मग कुणीतरी आमच्याच कॅलेंडरचा तो चौकोन जवळ जाऊन वाचला. वर ठळक 'द्वादशी', आणि खाली बारीक अक्षरात 'प्रदोष'. वडापाव गेले. पण डोक्यात किडा राहिला, की असं कसं?

तिथीचं गणित

आपण समजतो की तिथी म्हणजे तारखेसारखाच एक दिवस. तसं नाही. तिथी म्हणजे एक कोन. पृथ्वीवरून पाहताना सूर्य आणि चंद्र यांच्यात जो कोन दिसतो, तो दर बारा अंशांनी वाढला की एक तिथी संपते. शून्य अंशाला अमावास्या, १८० ला पौर्णिमा. शुक्ल त्रयोदशी म्हणजे हा कोन १४४ ते १५६ अंशांत असतानाचा काळ, आणि कृष्ण त्रयोदशी म्हणजे ३२४ ते ३३६.

सरासरी काढली तर एक तिथी सुमारे २३ तास ३७ मिनिटांची येते. पण चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळे तो कधी पळतो, कधी रेंगाळतो. म्हणून तिथी १९ तासांचीही असू शकते आणि २६ तासांचीही. ती मध्यरात्री सुरू होत नाही, सूर्योदयालाही नाही. दुपारी दोनलाही सुरू होते, पहाटे चारलाही.

मग कॅलेंडरवाल्याने चौकोनात कोणती तिथी छापायची? नियम सोपा आहे : सूर्योदयाला जी चालू असेल ती. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या भाषेत, तिथी हा सलग चाललेला सिग्नल आणि कॅलेंडर त्याचं रोज एकदा, सकाळी, सॅम्पल घेतं.

आता खरी मेख. प्रत्येक व्रताची सॅम्पल घ्यायची वेळ वेगळी आहे! संकष्टी चतुर्थी पाहतात चंद्रोदयाला. शिवरात्र पाहतात मध्यरात्रीला. आणि प्रदोष, नावाप्रमाणेच, पाहतात सूर्यास्ताला. 'प्रदोष' या शब्दाचा अर्थच मुळी रात्रीचं तोंड, तिन्हीसांज. समजा द्वादशी दुपारी दोनला संपली. सकाळी कॅलेंडर म्हणणार द्वादशी, पण सूर्य मावळताना त्रयोदशी लागलेली असणार. म्हणजे प्रदोष आजच. उद्याच्या चौकोनात 'त्रयोदशी' छापलेलं असेल, पण ती उद्या संध्याकाळ व्हायच्या आतच संपून जाईल. कॅलेंडरही बरोबर, रूममेटही बरोबर. चुकलो फक्त मी.

एक उदाहरण देतो. ८ मार्च २०२४ ला महाशिवरात्र होती. त्या दिवशी त्रयोदशी रात्री दहाच्या सुमाराला संपली आणि चतुर्दशी लागली. म्हणजे सूर्यास्ताला त्रयोदशी आणि मध्यरात्रीला चतुर्दशी. म्हणून प्रदोष आणि महाशिवरात्र एकाच तारखेला आले. सॅम्पलची वेळ बदलली की उत्तर बदललं, इतकंच.

आणखी एक गंमत. तिथी बदलण्याचा क्षण साऱ्या जगात एकच असतो, पण सूर्यास्त गावोगावी वेगळा. चेन्नईचा सूर्य मुंबईच्या आधी, ऋतूप्रमाणे वीस ते चाळीस मिनिटं आधी मावळतो. तिथी नेमकी त्या फटीत बदलली तर दोन गावांचा प्रदोष दोन वेगळ्या तारखांना येऊ शकतो. म्हणून पंचांग गावाप्रमाणे पाहावं लागतं.

तमिळ पंचांगातली दोन घड्याळं

रूममेटच्या कॅलेंडरची खासियत अशी, की तमिळ महिने चंद्रावर चालतच नाहीत, सूर्यावर चालतात. सूर्य मेष राशीत शिरला की चित्तिरै महिना सुरू आणि नवं वर्षही. म्हणून त्यांचा वर्षारंभ १४ एप्रिलच्या आसपास ठरलेला, आणि आपला पाडवा मार्च-एप्रिलमध्ये पुढेमागे सरकणारा. पण प्रदोष, एकादशी, अमावास्या, पौर्णिमा ही मात्र तिकडेही चंद्राच्याच ताब्यात. म्हणजे एकाच पानावर दोन घड्याळं. शुक्ल पक्षाला ते 'वळर्पिरै' म्हणतात, वाढती कोर. कृष्ण पक्षाला 'तेय्पिरै', झिजती कोर. किती नेमके शब्द आहेत बघा!

चांद्रमास २९.५३ दिवसांचा, त्यात दोन प्रदोष. म्हणजे वर्षाला २४ किंवा २५. त्यातला शनिवारी आला तर 'शनिप्रदोषम', त्याला देवळात पाय ठेवायला जागा नसते. सरासरीने असे शनिवार वर्षाला तीन-चारच मिळतात.

आणि हे गणित करायची तिकडची जुनी पद्धत तर कॉम्प्युटरवाल्यांनी ऐकावीच. चंद्राची रोजची जागा काढण्यासाठी २४८ छोटी संस्कृत वाक्यं पाठ करायची. प्रत्येक वाक्यातल्या अक्षरांत आकडे लपवलेले. चंद्राचा वेग साधारण २७.५५ दिवसांत एक आवर्तन पुरं करतो आणि अशी नऊ आवर्तनं म्हणजे जवळजवळ बरोबर २४८ दिवस. म्हणजे हे चक्क पाठ केलेलं लुक-अप टेबल! या परंपरेतल्या पंचांगाला 'वाक्य' पंचांग म्हणतात. आधुनिक गणिताने काढलेलं ते 'तिरुक्कणितम'. दोन्ही आजही चालतात आणि तिथीच्या वेळेत कधीकधी काही तासांचा फरक पडतो. त्यामुळे "कुठल्या पंचांगाने?" हा प्रश्न तिकडच्या घरांतही निघतोच.

तंजावरची संध्याकाळ

एवढं गणित समजलं तरी देवळात नेमकं काय चालतं ते कळायला थर्ड इयर उजाडलं. इंडस्ट्रियल व्हिजिटला त्रिचीला गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला आणि रूममेट म्हणाला, "तंजावर चल. टुडे प्रदोषम." या वेळी मी कॅलेंडर बघितलं नाही.

राजराज चोळाचं ते बृहदीश्वराचं देऊळ, १०१० सालचं. समोर मंडपात एकाच दगडातला नंदी, सुमारे सहा मीटर लांब, नायक राजांच्या काळातला. एरवी देवळात आपण नंदीच्या कानात काहीतरी पुटपुटून पुढे जातो. प्रदोषाला मात्र नंदी हाच उत्सवमूर्ती. साडेचारला अभिषेक सुरू झाला. दूध, दही, मध, हळदीचं पाणी, शहाळ्याचं पाणी, चंदन, शेवटी विभूती. काळा नंदी पांढरा झाला, पिवळा झाला, पुन्हा काळा झाला. अंगणातल्या तापलेल्या फरशीवर हजारो माणसं मांडी घालून बसलेली. ऑफिसातून थेट आलेली, शाळेच्या गणवेशातली, म्हाताऱ्या बायका, सगळे.

मग नंदीला दूर्वांची माळ. आपण दूर्वा म्हटलं की गणपतीच आठवतो; तिकडे ही 'अरुगम्पुल' नंदीलाही लागते. नैवेद्याला गूळ घालून भिजवलेले कच्चे तांदूळ, 'काप्परिसी'. आरती होताना नंदीच्या दोन शिंगांमधून आतल्या लिंगाकडे पाहायचं. हे बघून मला एकदम घरचं वाटलं, कारण आपल्याकडेही शिंगांवर बोटं ठेवून असंच दर्शन घेतात. त्यानंतर शिवपार्वतीची छोटी पंचधातूची मूर्ती वृषभवाहनावर बसवून प्राकारातून तीन फेऱ्या. पुढे नादस्वरम आणि तविल, मागे तेवारम म्हणणारे ओदुवार. ही पदं सातव्या-आठव्या शतकातली, आणि आजही माणसं ती सोबत म्हणत चालतात.

प्रदक्षिणेचीही वेगळी रीत आहे. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ती गोमुखी ओलांडायची नाही, हा नियम आपल्या महादेवाच्या देवळातही आहे. तिकडे प्रदोषाला नंदीपासून उलट्या दिशेने चंडिकेश्वरापर्यंत जातात, परत नंदीशी येतात, मग सुलट्या दिशेने गोमुखीपर्यंत, पुन्हा मागे. लंबकासारखं.

फिरता फिरता एका भिंतीपाशी थबकलो. दगडावर चक्क मराठी! शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे १६७० च्या दशकात तंजावरला गेले आणि तिथे भोसल्यांचं राज्य १८५५ पर्यंत टिकलं. त्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये आपल्या घराण्याचा इतिहास या देवळाच्या भिंतींवर मराठीत कोरून घेतला. तीन वर्षं मी ज्याला 'बाहेरचा' म्हणत होतो, त्याच्या देवळात माझी भाषा सव्वादोनशे वर्षं ठाण मांडून बसलेली होती. कुणी तिला हसलेलं दिसलं नाही.

उशिरा म्हटलेलं थँक यू

परतीच्या बसमध्ये त्याने कथा सांगितली. समुद्रमंथनात आधी हलाहल निघालं. सगळे पळाले. शंकराने ते घेतलं, पार्वतीने गळा दाबून धरला आणि विष तिथेच थांबलं. पुढे द्वादशीला अमृत निघालं आणि देव आनंदात इतके बुडाले की विष पिणाऱ्याला विसरूनच गेले. त्रयोदशीच्या संध्याकाळी आठवण झाली, तेव्हा खजील होऊन माफी मागायला धावले. शंकराने रागावायचं सोडून नंदीच्या शिंगांमध्ये नाच केला. तोच हा प्रदोष. (चेन्नईपासून जवळ, आंध्रच्या हद्दीतल्या सुरुटपल्लीच्या देवळात तर विष पिऊन थकलेला शंकर पार्वतीच्या मांडीवर डोकं ठेवून चक्क आडवा झालेला आहे.)

मी गप्प बसलो. कारण पैज हरल्यानंतर मी काय केलं होतं ते मला आठवत होतं. त्याला बघितलं की "टुडे प्रदोषम?" अशी त्याच्या सुरात नक्कल. विंगमध्ये तो जोक चांगला वर्षभर चालला. मग त्याने भिंतीवरचं ते कॅलेंडर काढून ट्रंकेत ठेवलं आणि देवळात जायचंही बंद केलं. मला वाटलं, कंटाळला असेल. आणि एम-थ्रीची केटी मी सुटलो होतो ती त्याच्याच नोट्सवर, हेही मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

बसमध्ये त्याने सांगितलं, की प्रदोषाच्या दिवशी गावी अम्मा देवळात असायची आणि तिथूनच फोन करायची. बोलणं काही नाही, नुसता नादस्वरम ऐकवायची. हा इकडे आपल्या देवळाच्या पायरीवर बसून ऐकायचा. हॉस्टेलची ती साडेपाच ते सातची वेळ तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे तिला कातरवेळ म्हणतात ते उगाच नाही. प्रॅक्टिकल संपलेलं असतं, मेस उघडलेली नसते, आणि घरी आता कुणीतरी दिवा लावत असेल हे आठवतं. पंधरा दिवसांतली तेवढी एक संध्याकाळ त्याला एकटं वाटायचं नाही. ती मी घालवली होती. माफी मी तिथेच मागितली. उशिराच, पण मागितली. तो हसला आणि म्हणाला, "दोन वडापाव अजून बाकी आहेत." खरंच की! पैजेचे मी दिलेच नव्हते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं, की यंदा आमच्या विंगमध्ये तिकडचे दोन ज्युनिअर आले आहेत आणि परवाच जिन्यात कुणीतरी त्यांची तशीच नक्कल करताना ऐकलं. त्या मुलाला एवढंच सांगणं, की नक्कल करण्याआधी निदान कॅलेंडर नीट वाच, बारीक अक्षरांसकट. मेस सेक्रेटरींना विनंती, प्रदोषाचा उपास संध्याकाळची पूजा झाल्यावर सुटतो, तेव्हा त्यांची ताटं झाकून ठेवा. आणि सरांना विनंती, त्या दिवशी कुणी प्रॅक्टिकलची बॅच बदलून मागितली तर जमल्यास द्या. वर्षाला पंचवीसच दिवस आहेत, आणि त्यातले रविवार-सुट्ट्या वगळल्या तर त्याहूनही कमी.

रूममेटचं कॅलेंडर पुन्हा भिंतीवर आलंय. आमच्या कॅलेंडरच्या शेजारीच. अजून मला त्यातलं वाचता येतं ते एकच, प्रदोषाच्या पानावरचं नंदीचं चित्र.