लंडनचे दहा दिवस आणि दोन वह्या

आमच्या घरात हिशेबाची वही न लिहिता कोणी झोपत नाही. ही शिस्त माझ्या सासऱ्यांची. ते जाऊन बरीच वर्षे झाली, पण वही चालू आहे. त्यामुळे २०२३ च्या दिवाळीत ह्यांनी जेव्हा “आपण एकदा लंडनला जाऊन येऊ” असे म्हटले, तेव्हा मी आनंदाने उडी मारण्याऐवजी कपाटातून कोरी वही काढली. ह्यांना निवृत्त होऊन वर्ष झाले होते. मुलीने नोंदणी पद्धतीने लग्न केल्यामुळे कार्यालयाचे पैसे ठेवीत तसेच पडून होते. त्यांतले तीन लाख साठ हजार, दोघांत मिळून, दहा दिवसांसाठी. त्यापलीकडे एक पैही नाही, असे ठरले.

लंडनच का, हेही सांगायला हवे. सासरे १९६३ साली बोटीने टिलबरीला उतरले तेव्हा त्यांच्या खिशात तीन पौंड होते. परकीय चलनाची त्या काळी इतकी चणचण होती, की सरकार त्याहून जास्त नेऊ देत नसे. अडीच वर्षे ते तिथे शिकले, कामही केले. सासूबाई इकडे पुण्यात, ह्यांना कडेवर घेऊन. सासूबाईंच्या ट्रंकेत त्या दिवसांची त्यांची वही अजून आहे. आम्ही जाणार असे कळल्यावर चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंनी ती काढून ह्यांच्या हातात ठेवली. “पत्ता आत आहे. तेवढं घर बघून या,” एवढेच म्हणाल्या.

आता हिशेबाकडे वळते. मे महिन्याची विमानाची तिकिटे फेब्रुवारीतच काढली, दोघांची जाऊन-येऊन एक लाख बत्तीस हजारांना पडली. सहा महिन्यांच्या व्हिसाचा दर २०२४ साली माणशी ११५ पौंड होता (२०२५ च्या एप्रिलात तो १२७ झाला). हे पैसे व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाहीत, म्हणून बँकेचे उतारे आणि पेन्शनची कागदपत्रे नीट लावावीत. अर्ज भरताना मात्र जपा. एका एजंटाने आमच्या माथी ‘खास सेवा’ म्हणून तीन हजार मारले. ती सेवा म्हणजे फोनवर दोन निरोप आणि बसायला मऊ खुर्ची. प्रवासाचा विमा धरून हा सगळा कागदी खर्च साडेएकतीस हजारांवर गेला.

राहण्याची जागा हा खरा डोंगर. मध्यवस्तीतल्या हॉटेलांचे दर पाहून ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. शेवटी फिन्सबरी पार्क भागात, स्वयंपाकाचा ओटा असलेली खोली रात्रीला ९२ पौंडांनी घेतली. नऊ रात्रींचे आम्हाला पडलेल्या १०७ रुपये दराने साडेअठ्ठ्याऐंशी हजार झाले. तरीही ही जागा स्वस्त पडली असे मी म्हणेन, कारण हीथ्रोहून पिकॅडिली लाइनची भुयारी गाडी न बदलता तिथे येते. तेव्हा माणशी ५ पौंड ६० पेन्स पडले. विमानतळावरून निघणाऱ्या जलद गाडीला तेव्हा पंचवीस पौंड पडत होते. ती वेळ वाचवते खरी, पण निवृत्त माणसाला वेळ वाचवून काय करायचे आहे?

फिरायला बस घ्या, मैत्रिणींनो. आम्ही होतो तेव्हा बसला एकदा बसले की पावणेदोन पौंड, त्यानंतर तासाभरात कितीही बस बदला, वेगळे भाडे नाही. दिवसभर कितीही फिरलात तरी सव्वापाच पौंडांच्या वर कापत नसत. रोख पैसे मात्र २०१४ पासून बसमध्ये घेतच नाहीत, कार्ड टेकवायचे. प्रत्येकाचे कार्ड वेगळे हवे. २९ नंबरची दुमजली बस आमच्या दारातून थेट ट्रॅफल्गार चौकात जायची. वरच्या मजल्यावर अगदी पुढचे बाक मिळाले की ह्यांचे वय पन्नास वर्षांनी उतरे.

इथे माझी एक फजिती. एकदा भुयारी स्टेशनात शिरताना मी फोन टेकवला आणि उतरताना पर्समधले कार्ड. फोनमध्येही तेच कार्ड आहे, म्हणजे दोन्ही एकच, ही माझी समजूत! यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी होते, एक आत जाऊन हरवलेला आणि एक कुठून आला ते ठाऊक नसलेला. दोघांकडूनही जास्तीत जास्त भाडे वसूल. ह्यांनी वहीत त्या रकमेपुढे फक्त “सौ.” असे लिहिले.

खाण्याला दिवसाला तीस पौंड धरले होते. सकाळी खोलीवर उपमा किंवा थालीपीठ, दुपारी दुकानातले सँडविच-फळ-सरबत मिळून साडेतीन-चार पौंडांना मिळणारे जेवण, रात्री वरणभात. भाजणी, मेतकूट, चिवडा घरून नेले. पण तूप, पेढे, बर्फी बॅगेत घालू नका. भारतातून दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. हॉटेलात साधे नळाचे पाणी मागावे, ते चांगले असते आणि फुकट मिळते. बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क बऱ्याचदा आधीच मिळवलेले असते, ते पाहूनच बक्षिशी ठेवावी.

तिसऱ्या दिवशी आमचे भांडण झाले. सेंट पॉलच्या जवळ पाय दुखले म्हणून मी कॉफी घेऊ या म्हटले. दोन कप, आठ पौंड चाळीस. ह्यांनी तिथल्या तिथे गुणाकार केला. “नऊशे रुपये! अगं, नऊशे रुपयांची कॉफी!” कप समोर निवत होता आणि हे किलोचे भाव सांगत होते. मी म्हटले, “अहो, मग पुण्यातच बसायचं होतं.” संध्याकाळपर्यंत आम्ही बोललो नाही. रात्री मात्र मी नियम केला: गुणाकार फक्त झोपताना, वही लिहिताना. दिवसा पौंड म्हणजे पौंड. माझ्या मते सबंध अंदाजपत्रकात ह्या एका नियमाने जेवढे वाचवले तेवढे कशाने वाचवले नाही.

पाहण्याचा खर्च तर फारच थोडा. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, विज्ञानाचे आणि निसर्गाचे संग्रहालय, सगळीकडे मुख्य दालने विनामूल्य. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाचे संगमरवरासारखे कोरीव दगड पाहताना ‘हे इथे कसे?’ हा प्रश्न मनात येतोच. त्याला तिकीट नाही. पैसे मोजून आम्ही फक्त टॉवर पाहिला. सेंट पॉलमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेला गेलो, तेव्हा तिकीट लागत नाही.

सासऱ्यांचा पत्ता कॅमडेनमधला निघाला. म्हणजे आमची २९ नंबरची बस रोज त्याच्या जवळून जात होती आणि आम्हाला पत्ता नव्हता! सहाव्या दिवशी तिथे उतरलो. विटांचे तीन मजली घर, ओळीतल्या इतर घरांसारखेच. हे फुटपाथवर उभे राहून वडिलांची वही वाचू लागले. भाडे, बटाटे, गॅसच्या मीटरमध्ये टाकायला शिलिंग. नाणे टाकल्याशिवाय शेगडी पेटत नसे. आणि दर शुक्रवारी, न चुकता: ‘हवाई पत्र, ६ पेन्स’. थंडीतल्या एका आठवड्यात गॅसचा शिलिंग नाही, पण पत्राचे सहा पेन्स आहेत. ह्यांनी ते पान माझ्यापुढे धरले आणि पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत.

तिथून चालत प्रिमरोझ हिलला गेलो. जवळच किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचे घर आहे, जिथे १९२१-२२ साली विद्यार्थी असताना डॉ. आंबेडकर राहत असत. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले. टेकडीवरून सगळे लंडन दिसते, तेही फुकट. तिथे बसून ह्यांनी आपण होऊन दोन कॉफ्या आणल्या. गुणाकार केला नाही.

घरी येऊन वही मिटवली तेव्हा खर्च तीन लाख अठरा हजार झाला होता. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले चाळीस हजार जसेच्या तसे परत ठेवीत गेले. सासऱ्यांच्या वेळी पौंडाला तेरा रुपये तेहतीस पैसे पडत. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन एकवीस झाले, पण त्याआधीच ते परतले होते.

सासूबाईंना आम्ही घराचा फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

“खोली कुठली?”

“वहीत वरची, मागची असं लिहिलंय, आई. पुढून दिसत नाही.”

“मागची,” त्या म्हणाल्या. “म्हणजे ऊन येत नसणार.” आणि फोटो वहीत घालून त्यांनी ती पुन्हा ट्रंकेत ठेवली.