कोठीघराच्या किल्ल्या

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे असताना एका काकांनी आम्हाला विचारलं, "आपण काय करता?" रांग लांब होती, पुऱ्या संपून पुढच्या यायच्या होत्या, तेव्हा आम्हीही खरं ते सांगून टाकलं, "सध्या झोनिंगचं काम चालू आहे." काकांचा चेहरा उजळला. "अरे वा! म्हणजे सिटीत आहात? मग आमच्या डेकचं जरा बघा ना. मागच्या कुंपणापासून किती फूट जागा सोडायची यावरून अडलंय सगळं." श्रीखंडापर्यंत पोचलो तरी आमचं झोनिंग वेगळं आहे हे काही आम्हाला त्यांना पटवता आलं नाही. घरी येताना गाडीत ही म्हणाली, "इतकी वर्षं झाली, तू नक्की काय करतोस ते मलाही धड माहीत नाही. एकदा लिहून तरी काढ." म्हणून हा खटाटोप.

काकांचं चुकलं असं नाही. नेपरव्हिलमध्ये घर घेतलेल्या प्रत्येकाला झोनिंग हा शब्द कधी ना कधी भेटतोच. कुठे राहती घरं, कुठे दुकानं, कुठे गोदामं हे आधी आखून ठेवायचं. न्यू यॉर्कने १९१६ साली सगळ्या शहराला असे नियम लावले, शिकागोने १९२३ साली, आणि १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड नावाच्या गावाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने या पद्धतीवर शिक्कामोर्तब केलं. आमचं झोनिंग हे त्याच नावाचं धाकटं भावंड म्हणा. त्याला जमीन नाही, कुंपण नाही. ते असतं एका खोलीत, लोखंडी कपाटांमध्ये, नारिंगी केबल्सच्या गुंत्यात.

आता ज्यांचा संगणकाशी संबंध ईमेलपुरता आहे त्यांच्यासाठी आम्ही वाड्यात शिरतो. एका वाड्यात दहा बिऱ्हाडं आहेत आणि प्रत्येकाचे धान्याचे डबे आपापल्या स्वयंपाकघरात आहेत. एकाकडे तांदूळ पडून किडे होतायत, दुसऱ्याकडे महिनाअखेर डबा रिकामा. पूर्वी कंपन्यांतल्या सर्व्हरांचं असंच होतं. प्रत्येकाच्या पोटात त्याच्या त्याच्या डिस्का. एकाची अर्धी रिकामी, दुसऱ्याची तुडुंब भरलेली, आणि एकाची जागा दुसऱ्याला द्यायची सोय नाही. मग १९९० च्या दशकात फायबर चॅनल नावाचं तंत्र आलं; त्याचं प्रमाणक १९९४ साली मंजूर झालं. त्याने काय केलं, तर सगळ्या वाड्याचं मिळून एक मोठं कोठीघर बांधलं आणि प्रत्येक बिऱ्हाडापासून तिथपर्यंत बोळ काढले. हे बोळ आणि कोठीघर मिळून जे होतं त्याला स्टोरेज एरिया नेटवर्क, थोडक्यात सॅन म्हणतात.

सोय उत्तम. पण वाड्यात राहिलेल्यांच्या मनात लगेच येईल, की किल्ल्या कुणाकडे? आमच्या आजोळी कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा आजीच्या कमरेला असायचा आणि तो रात्रीही उशाशी असे. सॅनमध्ये ही आजी म्हणजे स्विच. बोळांच्या नाक्यावर बसून कोण कुठे चाललंय हे पाहणारी. आणि अमुक सुनेने अमुक फडताळापर्यंतच जायचं, हा तिने घालून दिलेला नियम म्हणजे झोनिंग.

स्विच हा शब्द नेपरव्हिलकरांना नवा नाही. इथली बेल लॅब्जची इंडियन हिल प्रयोगशाळा १९६६ साली सुरू झाली आणि अमेरिकेच्या टेलिफोन एक्स्चेंजचे नामांकित स्विच तिच्याच कामातून तयार झाले. त्यांतला फाइव्ह ईएसएस पहिल्यांदा चालू झाला तो १९८२ साली, आपल्याच इलिनॉयमधल्या सेनेका गावात. पुढे १९९६ साली ती ल्यूसेंट झाली, २००६ साली अल्काटेल-ल्यूसेंट आणि २०१६ साली नोकिया. आपल्या मंडळात अशी घरं आहेत की ज्यांचा इथला सगळा संसार त्या इमारतीच्या पगारावर उभा राहिला. त्यांना आमचा स्विच समजायला दोन मिनिटं पुरतात. एक्स्चेंजसारखाच तो. सर्व्हरने जोडणी केली की आधी आपलं नाव नोंदवायचं, मग डिरेक्टरीवाल्याला विचारायचं, "इथे कोणकोणत्या डिस्का आहेत?" डिरेक्टरीवाला त्याला त्याच्या झोनपुरतीच यादी वाचून दाखवतो. बाकीच्या डिस्का जगात आहेत हेच त्याला कळत नाही.

सुरुवातीच्या काही स्विचांत झोनिंगचा एक प्रकार एवढ्यावरच थांबायचा. म्हणजे डिरेक्टरीत नंबर छापलेला नाही, पण कुणी तो जुन्या चिठ्ठीवर लिहून ठेवला असेल तर फोन लागायचा! याला सॉफ्ट झोनिंग म्हणत. हार्ड झोनिंगमध्ये स्विच जाणारं-येणारं प्रत्येक पाकीट तपासतो आणि परवानगी नसेल तर तिथेच टाकून देतो. हल्लीचे स्विच हे दुसरंच करतात.

आता प्रश्न ओळख कशी पटवायची याचा. याचं उत्तर इथल्या पालकांना तोंडपाठ आहे. नेपरव्हिलमध्ये घर बघताना आपण न्हाणीघराच्या आधी काय विचारतो? डिस्ट्रिक्ट २०३ की २०४? गाव एकच, पण रेषेच्या अलीकडच्या घरातली मुलं एका डिस्ट्रिक्टच्या शाळेत, पलीकडची दुसऱ्या. शाळा मुलाचं नाव बघत नाही, पत्ता बघते. उद्या तुम्ही घर विकलंत तर नव्या मालकाची मुलं तुमच्याच शाळेत जातील. पोर्ट झोनिंग हे असं असतं. स्विचच्या सातव्या भोकात ज्याची केबल, त्याला परवानगी. मग ती केबल कुणाची का असेना.

दुसरी रीत पासपोर्टची. सर्व्हरच्या प्रत्येक फायबर चॅनल कार्डाला कारखान्यातच एक जगावेगळा क्रमांक मिळतो, ६४ बिटांचा, लिहिताना १६ आकडे-अक्षरांचा. त्याला वर्ल्ड वाइड नेम म्हणतात. झोनमध्ये हा क्रमांक लिहिला की कार्ड कुठल्याही भोकात खोचा, ओळख तीच. केबल इकडची तिकडे झाली तरी बिघडत नाही. बिघडतं ते कार्ड जळाल्यावर. नवीन कार्ड म्हणजे नवा क्रमांक, आणि स्विच म्हणतो, आपण कोण? आपला पासपोर्ट नवा झाला की व्हिसाचा शिक्का जुन्यावर राहतो आणि आपण दोन्ही घेऊन विमानतळावर उभे राहतो. तशी सोय बिचाऱ्या कार्डाला नसते. कुणीतरी झोनमधला क्रमांक बदलेपर्यंत सर्व्हर दाराबाहेर.

आमची गोष्ट इथूनच सुरू होते. साल २००६. एमएस संपवून आम्हाला नोकरीत थोडीच वर्षं झालेली, ग्रीन कार्डाचे कागद गेलेले, आणि उपनगरातल्या एका कंपनीत सॅनची जबाबदारी आमच्याकडे. एका शनिवारी रात्री जमाखर्चाच्या सोलॅरिस सर्व्हरचं कार्ड गेलं. रात्री दोन वाजता नवीन कार्ड बसवलं, तर डिस्का दिसेनात. कारण उघड होतं, क्रमांक बदललेला. पण झोपेत तो क्रमांक टाइप करताना आम्ही दोनदा चुकलो, आणि सकाळी सहाला ताळेबंदाचं काम सुरू व्हायचं होतं. तेव्हा आम्ही एक पळवाट काढली. स्विचची सगळीच्या सगळी भोकं एका झोनमध्ये टाकली, त्याचं नाव ठेवलं "टेम्प", आणि चालू केलं. डिस्का दिसल्या, जमाखर्च सुरू झाला, आम्ही घरी येऊन झोपलो. सोमवारी ते काढायचं होतं. सोमवारी दुसरंच काहीतरी निघालं.

तीन आठवड्यांनी आमच्या गटात नुकत्याच आलेल्या मुलाने एक विंडोज सर्व्हर त्याच स्विचच्या रिकाम्या भोकात जोडला. नागपूरचा मुलगा, एच-वनवर, येऊन चार महिने झालेले. त्याला पाच नव्या डिस्का मिळायच्या होत्या, दिसल्या नऊ. आता विंडोजची सवय अशी, की ज्या डिस्कवर आपली खूण दिसत नाही ती त्याच्या लेखी कोरी. सोलॅरिसची खूण त्याला वाचताच येत नाही. घरात नवीन आलेल्या माणसाने मोडीत चिठ्ठी लावलेला डबा बघून "यावर काही लिहिलेलं नाही" म्हणावं, तसं. त्याने नम्रपणे विचारलं, या डिस्का वापरायला तयार करू का? मुलाने हो म्हटलं. का म्हणू नये? त्याला दाखवलेलं सगळं त्याचंच असणार, असं कुणीही धरून चालेल. खुणा झाल्या, फॉर्मॅट झालं, आणि थोड्याच वेळात जमाखर्चाचा सर्व्हर आचके द्यायला लागला.

खरं तर याच्या मागे दुसरं कुलूप असतं. कोठीघराच्या दारापर्यंत कुणी जायचं हे झोनिंग ठरवतं, आत कुणाला कुठलं फडताळ उघडेल हे डिस्कांचं कपाट स्वतः ठरवतं. त्याला लन मास्किंग म्हणतात. दोन्ही असावीत. आमच्या त्या जुन्या कपाटावर ते कधी चालूच केलेलं नव्हतं.

आदल्या रात्रीच्या टेपवरून सगळं परत आणायला रात्र गेली. दिवसभराच्या नोंदी मात्र टेपवर नव्हत्याच. त्या हिशेबखात्यातल्या चौघांनी कागदी व्हाउचरांवरून पुन्हा टाइप केल्या, शनिवारी येऊन. त्यांतल्या एका बाईंच्या नातवाचा त्या दिवशी वाढदिवस होता, हे आम्हाला नंतर कळलं.

बैठकीत प्रश्न एकच होता: फॉर्मॅट कुणी केलं? सगळ्यांच्या नजरा त्या मुलाकडे. तो खाली मान घालून बसला होता आणि आम्हाला ठाऊक होतं की त्याची नोकरी गेली तर पाठोपाठ व्हिसाही जाणार. आमचंही तेच होतं, आणि शिवाय घरात आठ महिन्यांची मुलगी. खोटं कशाला सांगू, आम्ही लगेच बोललो नाही. बैठक संपली, आम्ही जागेवर येऊन बसलो, स्विचमधली नोंद उघडली. "टेम्प" झोन, तारीख, वेळ दोन वाजून काही मिनिटं, आणि पुढे आमचं लॉगिन. कुणी बघायला गेलं असतं तर सापडलंच असतं. पण कुणी बघत नव्हतं. ती नोंद छापून आम्ही साहेबांच्या खोलीत गेलो तेव्हा बैठकीला तीन तास होऊन गेले होते. ते तीन तास अजून आठवतात. साहेबांनी कागद वाचला, आमच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, आणखी किती टेम्प आहेत ते आधी शोधा. चार निघाले. त्यांतले दोन आमच्या आधीच्या माणसाचे.

दोघांच्याही नोकऱ्या वाचल्या. त्या मुलाने आमच्याशी महिनाभर कामापुरतंच बोलणं ठेवलं, आणि त्याचं काहीच चुकलं नाही.

तेव्हापासून आम्ही चिक्कूपणाने झोन करतो. एका झोनमध्ये सर्व्हरचं एकच कार्ड आणि त्याला लागणारे डिस्कांच्या कपाटाचे पोर्ट, बस. चाळीस सर्व्हर असतील तर प्रत्येकाची दोन कार्डं, दोन वेगवेगळ्या जाळ्यांत, म्हणजे ऐंशी झोन. कंटाळवाणं काम आहे. नवीन मुलं विचारतात, सगळे सर्व्हर एका मोठ्या झोनमध्ये का नाही टाकत? एक तर वर सांगितलं ते. दुसरं असं, की झोनमध्ये कुणी आलं किंवा गेलं की स्विच त्या झोनमधल्या इतरांना वर्दी देतो. मोठा झोन म्हणजे चाळ. एकाकडे पाहुणा आला की सगळे दारात. एक सर्व्हर रीबूट केला की वीस जण हातातलं काम सोडून यादी पुन्हा मागणार.

आणखी एक खाचखळगा. आम्ही ज्या ब्रोकेडच्या स्विचांवर वाढलो, त्यांत मुळात झोनिंगच चालू नसेल तर सगळ्यांना सगळं दिसायचं. म्हणजे कुणी घाईत झोनिंग बंद केलं तर दारं बंद होत नाहीत, सताड उघडतात! ही पाटी बदलता येते, पण आठवणीने बदलावी लागते. सिस्कोच्या स्विचांत उलटं. ज्याला झोन नाही त्याला मुळीच प्रवेश नाही. आमचं मत विचाराल तर हेच बरं.

दोन जाळी जोडायची वेळ आली की मजा असते. दोन्हीकडे एकाच नावाचा झोन आणि आत वेगवेगळी माणसं असली तर स्विच एकमेकांशी हातमिळवणीच करत नाहीत. लग्नानंतर आमच्या घरात "गोडा मसाला" लिहिलेले दोन डबे आले होते, एक हिच्या आईचा, एक आमच्या आईचा. स्विचांनी जे केलं असतं तेच आम्ही केलं, डबे वेगळ्या फळ्यांवर ठेवले.

आता आमच्या झोनांच्या नावात सर्व्हर, कपाट आणि तारीख असते. "टेम्प" नाव लिहायची आमच्या गटात बंदी आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक जण यादी वाचतो, दुसरा टिक करतो. एका जाळ्यात बदल केला की सर्व्हर नीट चालतोय हे बघूनच दुसऱ्या जाळ्याला हात. नागपूरचा तो मुलगा आता डॅलसला आहे, स्वतः सॅन सांभाळतो. मध्यंतरी त्याचा फोन आला होता, कार्ड बदलून क्रमांक जुळत नव्हता. आम्ही विचारलं, तिकडे किती वाजलेत? म्हणाला, पहाटेचे तीन. मग आम्ही अंथरुणात बसून त्याला सोळाच्या सोळा अक्षरं दोनदा वाचायला लावली.

काकांचा परवा पुन्हा फोन आला होता. काका, डेकचं काम ईगल स्ट्रीटवरच्या म्युनिसिपल सेंटरमध्येच होईल. आमची तिथे ओळख नाही.