ड्रोन कॅमेऱ्याचे अंशशोधन

जबलपूरजवळील भेडाघाट येथे नर्मदेचे शुभ्र संगमरवरी कडे आणि काठावरील हिरवी झाडी शेजारी-शेजारी आढळतात. अशा ठिकाणी ड्रोनवरील हलक्या कॅमेऱ्याची कसोटी लागते. तेजस्वी खडक चौकटीत येताच स्वयंचलित कॅमेरा प्रकाशग्रहण कमी करतो आणि तीच झाडी अधिक काळसर नोंदवली जाते. वनस्पती बदललेली नसते. बदललेले असते ते माप.

म्हणूनच अंशशोधन, म्हणजे कॅलिब्रेशन, आवश्यक ठरते. प्रकाशग्रहण स्थिर ठेवून उड्डाणापूर्वी व नंतर ज्ञात परावर्तनाच्या फलकाचे छायाचित्र घेतात. कॅमेऱ्याची अंधारातील नोंद वजा केल्यावर ५० टक्के परावर्तनाच्या फलकाची नोंद २०,००० आणि पानाची १६,००० आली, तर पानाचे परावर्तन ४० टक्के होय. भिंगामुळे चित्राच्या कडांना येणारा काळोखही दुरुस्त करावा लागतो.

ही प्रक्रिया लाल आणि निकट-अवरक्त पट्ट्यांसाठी स्वतंत्रपणे केली जाते. निकट-अवरक्त परावर्तनातून लाल परावर्तन वजा करून त्या दोहोंच्या बेरजेने भागले असता 'एनडीव्हीआय' हा वनस्पती निर्देशांक मिळतो. तो उणे १ ते अधिक १ या मर्यादेत असतो. खत, पाणी वा नुकसानभरपाईचा निर्णय या निर्देशांकावर होणार असेल, तर चुकीच्या मापाची किंमत अखेर शेतकऱ्यालाच मोजावी लागते.